मेडगर एव्हर्स : चित्रपटात हरवलेला शहीद

हॉलीवूडने १९९६ साली ‘घोस्ट्स ऑफ मिसिसिपी’ नावाचा चित्रपट काढला. विषय मेडगर एव्हर्स यांच्या खुनाचा खटला. पण एव्हर्स सुरुवातीलाच गोळी लागून पडतात आणि पुढे आपण गोऱ्या सरकारी वकिलाची घालमेल पाहत बसतो. वकील म्हणून आम्हांला तो खटला आवडला, कार्यकर्ते म्हणून चीड आली. ज्याचा खून झाला तो होता कोण?

एव्हर्स यांचा जन्म २ जुलै १९२५ रोजी मिसिसिपी राज्यातील डिकेटर गावी झाला. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यातून युरोपात गेले. हिटलरच्या वंशद्वेषाविरुद्ध लढून आलेला हा तरुण १९४६ साली भाऊ चार्ल्स व मित्रांसह मतदानाला गेला, तेव्हा हत्यारबंद गोऱ्यांनी त्यांना हाकलले. पलटणीत चालणारा माणूस गावात चालत नाही, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

१९५२ साली ते पदवीधर झाले. विमा एजंट म्हणून फिरताना त्यांनी कापसाच्या मळ्यांतील दारिद्र्य पाहिले. ज्या पेट्रोल पंपावर काळ्यांना संडास वापरू देत नाहीत, तिथे पेट्रोल घ्यायचे नाही, या मोहिमेत ते होते. १९५४ साली मिसिसिपी विद्यापीठाने कायद्याच्या शिक्षणासाठीचा त्यांचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षाअखेरीस एनएएसीपी या संघटनेने त्यांना राज्याचे पहिले क्षेत्रसचिव नेमले. सनद मिळाली नाही, पण वकिलीतले सर्वांत अवघड काम, म्हणजे साक्षीदार शोधणे, त्यांनी केलेच. १९५५ साली एमेट टिल या १४ वर्षांच्या मुलाचा खून झाला, तेव्हा ते शेतमजुराच्या कपड्यांत मळ्यांतून हिंडले. गोऱ्या ज्यूरीने आरोपी सोडले. १९६२ साली जेम्स मेरेडिथ त्याच विद्यापीठात शिरले, त्यामागेही एव्हर्स होते.

गोळीचा आवाज आला की जमिनीवर आडवे व्हायचे, हे त्यांच्या तीन लेकरांना घरात शिकवले होते. १२ जून १९६३ च्या मध्यरात्रीनंतर जॅक्सन येथे स्वतःच्या दारात त्यांच्या पाठीत गोळी घातली गेली. वय अवघे ३७.

रायफल सापडली, तिच्यावर बायरन डी ला बेकविथचा ठसा सापडला. तरी १९६४ साली दोनदा खटला चालून सर्व गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीचे एकमत झाले नाही. माजी गव्हर्नर रॉस बार्नेट भर कोर्टात आरोपीशी हस्तांदोलन करून गेले. दुसऱ्या खटल्यात ज्यूरी निवडताना सरकारच्याच एका आयोगाने आरोपीच्या वकिलांना मदत केली होती, हे १९८९ साली वृत्तपत्राने उघड केले.

प्रकरण पुन्हा उघडले, तर कोर्टाचे मूळ कागद गायब! पहिल्या खटल्याची प्रत जपली होती ती पत्नी मर्ली एव्हर्स यांनी. निकाल विरोधात गेला तरी कागद टाकू नका, असे आम्ही पक्षकारांना सांगतो. या बाईंना ते कुणी सांगावे लागले नाही.

५ फेब्रुवारी १९९४ रोजी बेकविथला जन्मठेप झाली. या ज्यूरीत १२ पैकी ८ जण काळे होते. मिसिसिपीत ज्यूरीवर बसायला मतदार असावे लागे, आणि एव्हर्स यांना १९४६ साली त्या मतदानावरूनच बंदुका दाखवून परत पाठवले होते.