नाइटिंगेलबाई आणि रसदेचा प्रश्न

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव उच्चारताच हाती दिवा घेऊन रुग्णशय्यांमधून फिरणारी करुणामूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. हे चित्र खोटे नाही; पण ते अपुरे आहे. १२ मे १८२० रोजी जन्मलेल्या आणि १३ ऑगस्ट १९१० रोजी निवर्तलेल्या या कर्तबगार स्त्रीचे बरेचसे आयुष्य कोठारे, मागणीपत्रे आणि आकड्यांचे तक्ते यांच्या सहवासात गेले. तिच्या सेवाभावाचे गोडवे गाणाऱ्यांनी तिच्या व्यवस्थाबुद्धीकडे मात्र फारसे लक्ष दिले नाही.

क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैन्याची जी दैना झाली, तिचे मूळ केवळ शत्रूच्या तोफांत नव्हते. १४ नोव्हेंबर १८५४ च्या वादळात बालाक्लावा बंदराबाहेर ‘प्रिन्स’ हे जहाज बुडाले आणि सैनिकांचे हिवाळी कपडे त्याच्याबरोबर तळाला गेले. हा दैवाचा घाला म्हणता येईल. परंतु डिसेंबरात बंदरात सुखरूप उतरलेला सुमारे २०,००० पौंड लिंबाचा रस फेब्रुवारीपर्यंत वाटला गेला नाही, त्याला दैव कसे जबाबदार? सैनिक स्कर्व्हीने खंगत होते आणि त्यावरील उतारा जवळच पडून होता. कारण रोजच्या शिध्याच्या यादीत त्याचा समावेश नव्हता. बंदरापासून छावणी अवघ्या काही मैलांवर होती. पण रस्ता चिखलात रुतलेला आणि ओझ्याची जनावरे वैरणीवाचून मरत असलेली. १८५५ च्या आरंभी कंत्राटदारांनी तेथे लोहमार्ग टाकला, तेव्हा कोठे मालाची वाट मोकळी होऊ लागली.

४ नोव्हेंबर १८५४ रोजी ३८ परिचारिकांसह नाइटिंगेलबाई तुर्कस्तानातील स्कुटारीच्या बराकीत उघडलेल्या इस्पितळात दाखल झाल्या, तेव्हा तेथेही हाच प्रकार होता. सैनिक आपला सदरा, काटा-चमचा स्वतःबरोबर आणील, असे नियम गृहीत धरून चालत. प्रत्यक्षात वरिष्ठांच्या हुकमानेच पडशा रणभूमीवर टाकून आलेले जखमी अंगावरच्या रक्ताळलेल्या कपड्यांनिशी येत. नियमाप्रमाणे त्यांना काहीच कमी नव्हते; वस्तुतः त्यांच्याजवळ काहीच नव्हते. पुढे बाईंच्याच मागणीवरून मायदेशाहून हजारो सदरे आले, तेव्हा तपासणी मंडळाच्या बैठकीवाचून गठ्ठे फोडता येणार नाहीत, असा पवित्रा पुरवठा अधिकाऱ्याने घेतला. रुग्ण कुडकुडत राहिले आणि सदरे गठ्ठ्यांत राहिले.

या कोंडीतून बाईंनी काढलेला मार्ग अभ्यासण्याजोगा आहे. वर्तमानपत्राने गोळा केलेला निधी आणि स्वतःकडील पैसा हाताशी धरून त्यांनी कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारातून सदरे, मोजे, ताटल्या, फरशी घासण्याचे ब्रश अशा क्षुल्लक भासणाऱ्या वस्तू खरेदी केल्या आणि स्वतःचे कोठार उभे केले. नव्या रुग्णांसाठी पडीक दालने दुरुस्त करवून घेताना मजुरांची मजुरीही त्यांनी स्वतःच चुकवली. मात्र शिस्तीचा त्याग त्यांनी केला नाही. डॉक्टरांच्या सहीच्या मागणीपत्रावाचून त्यांच्या कोठारातून वस्तू बाहेर पडत नसे. फरक इतकाच, की इतरांच्या कोठारात कागद वस्तूला अडवून धरी आणि येथे तो वस्तूला योग्य हाती पोहोचवी.

इथपर्यंतची कथा यशाची वाटते. परंतु तीत एक कटू सत्य दडले आहे. सदरे आले, जेवण सुधारले, तरीही त्या पहिल्या हिवाळ्यात स्कुटारीत चार हजारांहून अधिक सैनिक दगावले. फेब्रुवारी १८५५ मध्ये शेकडा सुमारे ४२ असलेले मृत्युमान मार्चमध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे धुऊन काढली, पाण्याची वाट साफ केली, हवा खेळती केली, तेव्हा झपाट्याने खाली आले; जूनपर्यंत ते शेकडा २ च्या आसपास उतरले. युद्ध संपल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने आकडे मांडताना बाईंना याची पुरती जाणीव झाली. उपासमार आणि टंचाई हेच मृत्यूचे मुख्य कारण, ही त्यांची समजूत डळमळली. इस्पितळाखालची घाण हे मोठे कारण होते आणि त्या घाणीवरच त्यांचे सुव्यवस्थित कोठार उभे होते.

दुसरा कोणी असता, तर मिळालेल्या कीर्तीवर समाधान मानून गप्प राहिला असता. बाईंनी आपलीच चूक दाखविणारे आकडे पुढे ठेवले, त्यांच्या आकृत्या काढल्या आणि १८५७ च्या शाही आयोगामार्फत लष्करी आरोग्यव्यवस्थेच्या सुधारणेचा आग्रह धरला. पुढे हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत. पण येथील छावण्यांच्या आरोग्याचा त्यांनी कागदोपत्री कसून अभ्यास केला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन आणि मद्रास इलाखा होरपळला, तेव्हा कालव्यांचे पाणी आणि जलमार्गांची स्वस्त वाहतूक यांचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. धान्य देशात असणे आणि ते भुकेल्याच्या मुखी पडणे, यांतील अंतर त्यांनी स्कुटारीत पाहिले होते.

आज मालसाठ्याचा हिशेब संगणक ठेवतो. तरीही गोदामात धान्य आणि दारी उपासमार, भांडारात औषध आणि खाटेवर तडफडणारा रुग्ण, हे दृश्य अद्याप इतिहासजमा झालेले नाही. साठ्याची नोंद म्हणजे पुरवठा नव्हे. आणि पुरवठा झाला म्हणजे हेतू साधला, असेही नव्हे. शेवटच्या माणसाचे काय झाले, हे मोजल्यावाचून कोणत्याही नियोजनाचा हिशेब पुरा होत नाही. नाइटिंगेलबाईंनी तो स्वतःच्या कीर्तीला धक्का लावून पुरा केला, यातच त्यांचे खरे मोठेपण आहे.