वेगाच्या देवाचा नैवेद्य : बर्ट मन्रो, त्याची ‘इंडियन’ आणि सिनेमात न आलेली वर्षं

‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं की आपल्याकडचा माणूस हमखास फसतो. आपलाच कोणीतरी धावपटू असणार, असं वाटतं. मग सिनेमा सुरू होतो आणि पडद्यावर दिसतो न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला एका शेडमध्ये राहणारा म्हातारा. ‘इंडियन’ हे त्याच्या मोटारसायकलचं नाव. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं शहर आहे, तिथल्या कंपनीने तिथल्या मूळ रहिवाशांवरून हे नाव घेतलं होतं. आपला संबंध एवढाच, की नाव बघून आपण तिकीट काढतो आणि बाहेर येताना त्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडलेले असतो.

सिनेमा 2005 चा, दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन, म्हाताऱ्याच्या भूमिकेत अँथनी हॉपकिन्स. दारात जुनी जावा, येझदी नाहीतर राजदूत उभी असणाऱ्या माणसाला हा सिनेमा दाखवून बघा. रेसचा प्रसंग राहू द्या, तो शेडमधल्या प्रसंगाबद्दलच बोलत सुटेल. फळीवरचे फुटके पिस्टन, हाताला लागलेलं काळं ऑइल, रात्री-अपरात्री सुरू केलेलं इंजिन, कावलेले शेजारी. हे सगळं त्याच्या घरचंच असतं. पण गाडीवेड्यांतला एक गट असाही आहे, की जो कौतुक करतो आणि लगेच बोट ठेवतो : अहो, हा पहिल्याच फेरीत 200 मैलांच्या पुढे गेला नव्हता. बऱ्याच फेऱ्यांची एक फेरी केलीय यांनी.

तक्रार खरी आहे. पण माझ्या मते सिनेमातून सुटलेली मोठी गोष्ट आकड्यांची नाही, वर्षांची आहे. आणि त्या वर्षांत घर होतं, बायको होती, चार मुलं होती.

हर्बर्ट जेम्स मन्रो. जन्म 25 मार्च 1899, इन्व्हरकार्गिल. जुळ्यातला एक, त्याची बहीण जन्मतःच गेली. हा तरी जगतो की नाही, अशी घरच्यांना धास्ती. शेतावर वाढला. घोड्यावर बसला की घोडा पळवायचा, सुसाट. पहिलं महायुद्ध लागलं तेव्हा वयात आलो की लढाईवर जायचं, त्या निमित्ताने जग बघायचं, असं डोक्यात होतं. युद्ध आधीच संपलं. बापाने शेत विकलं, पोराने काही काळ ओटिराच्या रेल्वे बोगद्यावर काम केलं. नवं शेत घेतल्यावर बापाने त्याला परत बोलावून घेतलं.

1920 साली त्याने एक नवी कोरी ‘इंडियन स्काउट’ घेतली. जुळी सिलिंडरं, 600 सीसी, हाताने गिअर टाकायची गाडी. कारखान्यातून निघाली तेव्हा तिचा जास्तीत जास्त वेग ताशी 55 मैल, म्हणजे जेमतेम 88-89 किलोमीटर. त्या काळात तोही कमी नव्हता. बर्टला कमी वाटला. 1926 पासून त्याने ती उघडायला घेतली आणि त्यानंतर ती कधी पूर्ण झाली असं त्याला वाटलंच नाही.

दिवसा पोटासाठी काम, गाड्या विकणं, दुरुस्त करणं. स्काउटचं काम रात्री. हातात पैसा नाही, रेसिंगचे सुटे भाग अमेरिकेहून मागवायची ऐपत नाही, आणि मागवले तरी त्याला हवे तसे मिळणार नव्हतेच. म्हणून भाग स्वतः बनवायचे. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला पिस्टन ओतणं म्हणजे काय ते सांगायला नको. मिश्रण चुकलं, गार होताना आत पोकळी राहिली, लेथवर एक केस जास्त कापला गेला, की तो तुकडा भंगारात. बर्ट हे जुन्या डब्यांचे साचे करून करायचा. कनेक्टिंग रॉड त्याने जुन्या ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून हाताने घासून काढले. मापायला चाकाच्या स्पोकपासून केलेलं जुगाडी मायक्रोमीटर. मूळ इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते, ते त्याने डोक्यावर नेले. दोन कॅमच्या जागी स्वतःची चार कॅमची रचना बसवली.

इथे जरा थांबायला हवं, कारण खरी गंमत आणि खरा छळ इथेच आहे. इंजिनाची ताकद वाढवली की पहिला घाव कमजोर भागावर बसतो. पिस्टन सुधारला तर रॉड तुटतो. रॉड मजबूत केला तर सिलिंडर फाटतं. म्हणजे एक कोडं सुटलं की पुढचं हजर. आणि प्रत्येक वेळी चुकीचं उत्तर मिळतं ते पूर्ण वेगात, दोन पायांच्या मधे. बर्टचं इंजिन किती वेळा फुटलं त्याला गणती नाही. फुटलेले तुकडे तो टाकून देत नसे. शेडमधल्या फळीवर ओळीने मांडून ठेवायचा आणि वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य, अशा अर्थाची पाटी त्याने तिथे लावली होती. बाहेरचा माणूस हसेल. पण नीट बघितलं तर ती त्याची वही होती. कुठला धातू कुठे दगा देतो, ते सगळं त्या फळीवर मांडलेलं.

निकाल दिसायचा तो ओरेटी बीचवर. इन्व्हरकार्गिलजवळचा हा किनारा लांबलचक आहे आणि ओहोटीला वाळू कडक होते. 1940 मध्ये त्याने न्यूझीलंडचा रस्त्यावरचा वेगाचा विक्रम केला, ताशी 120.8 मैल, आणि तो बारा वर्षं टिकला. 1957 मध्ये ओरेटीवर 131.38 मैल. मूळ 55 मैलांची गाडी, 37 वर्षांची म्हातारी, आता 211 किलोमीटरवर.

आता घराकडे येऊ. 1927 मध्ये त्याने बेरिल मार्टिनशी लग्न केलं. चार मुलं झाली. 1947 मध्ये काडीमोड झाला. त्यानंतर बर्टने नोकरी सोडली आणि तो शेडमध्ये राहायला गेला. एका बाजूला कॉट, बाकी सगळी जागा गाड्यांना; स्काउटच्या जोडीला एक व्हेलोसेटही होती, तिलाही तोच जाच. या वीस वर्षांत त्या बाईने काय काय सोसलं असेल, हे सिनेमात येत नाही. सिनेमातला बर्ट एकटा, मिश्कील, शेजारच्या पोराचा लाडका आजोबा आहे. तसा तो असेलही. पण माणूस एकटा होतो तो एका दिवसात नाही. आपल्याकडेही गाडीच्या नादाने घर विसरलेले लोक आपण पाहिले आहेत, आणि त्यांच्या गोष्टी सांगताना बायकोचं वाक्य आपण नेहमीच गाळतो. बर्टच्या चाहत्यांनी तरी ते गाळू नये, असं मला वाटतं.

पन्नाशीच्या शेवटी त्याला छातीत दुखण्याचा विकार जडला. दुसरा कोणी असता तर गाडीवर कापड टाकलं असतं. याने बॉनव्हिल गाठलं.

बॉनव्हिल म्हणजे अमेरिकेच्या युटा राज्यातलं मिठाचं मैदान. डोळे दिपवणारं पांढरंफेक आणि सपाट. तिथे विक्रम मोजायची पद्धत कडक : ठरावीक अंतर एका दिशेने, मग वेळेच्या मर्यादेत उलट दिशेने, आणि दोन्हींची सरासरी. म्हणजे वाऱ्याची मदत एकदा मिळाली तर दुसऱ्यांदा तोच वारा छातीवर. एकदा सुसाट जाऊन भागत नाही. इंजिन दुसऱ्या फेरीपर्यंत जिवंत राहायला हवं. बर्टची अर्धी लढाई ही होती.

तो तिथे दहा वेळा गेला, त्यांतल्या नऊ वेळा गाडी पळवायला. 1962 मध्ये 883 सीसीच्या गटात ताशी 178.97 मैल, म्हणजे 288 किलोमीटर. वय 63. 1966 मध्ये 168.07. आणि 1967 मध्ये, इंजिन वाढवून वाढवून 950 सीसीपर्यंत नेल्यावर, 1000 सीसीखालच्या स्ट्रीमलायनर गटात 183.59 मैल. पात्रता फेरीत एका दिशेने तो 190.07 मैलांनी गेला होता, म्हणजे ताशी 305 किलोमीटरच्या वर. बर्ट 68 वर्षांचा, गाडी 47 वर्षांची. 200 मैलांपुढची एक धावही सांगतात, पण ती अधिकृत नाही. सिनेमाने तिच्यावरच कळस चढवला.

तो बसायचा कसा, हेही बघण्यासारखं आहे. बसायचा नाहीच. माशासारख्या निमुळत्या कवचात गाडीवर पालथा पडायचा, हनुवटी जवळजवळ टाकीवर. टायरवरची नक्षी सुरीने खरवडून काढलेली, वेगात रबराचे तुकडे उडू नयेत म्हणून. ब्रेक नावाला. गाडी एकदा वळवळायला लागली की सावरायला हातात काही नाही. 1967 मध्ये तसंच झालं. वेग कमी व्हावा म्हणून त्याने वाऱ्यात अंग वर काढलं, वाऱ्याने चष्मा उडवला, समोरचं दिसेना, शेवटी गाडी मिठावर आडवी घातली. वाचला.

डोनाल्डसनला हा माणूस नंतर सुचलेला नाही. 1971 मध्येच त्याने बर्टवर माहितीपट केला होता, नैवेद्याची ती पाटी त्या माहितीपटाच्या नावात आहे. म्हणजे मोठा सिनेमा यायला आणखी 34 वर्षं गेली. फुटके पिस्टन जपणाऱ्या माणसावर तितकीच चिकाटी असलेल्याने सिनेमा काढावा, हे बरंच झालं. म्हणूनच शेडचे प्रसंग इतके खरे वाटतात; दिग्दर्शकाने मूळ माणूस जवळून बघितलेला. वर्षं एकत्र दाबली हे मला माफ आहे. दोन तासांत 40 वर्षांचा कंटाळा कोण दाखवणार? फक्त बघणाऱ्याने लक्षात ठेवावं, की मिठावरच्या त्या काही सेकंदांच्या मागे हजारो रात्री आहेत आणि त्यांतल्या बहुतेक रात्री काहीच जमलं नव्हतं.

1977 मध्ये बर्टला पक्षाघाताचा झटका आला. हातापायांचा मेळ पूर्वीसारखा बसेना. गाड्या साउथलँडबाहेर जाऊ नयेत एवढीच इच्छा होती, म्हणून त्याने दोन्ही इन्व्हरकार्गिलच्या हेज कुटुंबाच्या दुकानाला विकल्या. 6 जानेवारी 1978 ला तो गेला, वय 78. ते दुकान हार्डवेअरचं आहे. खिळे, स्क्रू, पाने, रंगाचे डबे, आणि त्यांच्यातच ती स्काउट. काचेच्या महालापेक्षा तिला ही जागा शोभते, असं माझं मत.

आकड्यांवर बोट ठेवणाऱ्या गाडीवेड्यांसाठी आणखी एक गोष्ट. 2014 मध्ये बर्टचा मुलगा जॉन याच्या लक्षात आलं, की 1967 च्या विक्रमाचा हिशोबच अमेरिकन मोटारसायकल संघटनेने चुकवला होता. संघटनेने तपासलं, मान्य केलं आणि विक्रम दुरुस्त केला : ताशी 184.087 मैल. आधीपेक्षा अर्धा मैल जास्त. बर्टला जाऊन तेव्हा 36 वर्षं झाली होती, आणि त्याचे जुने कागद घेऊन बेरीज-सरासरी पडताळत बसला होता तो मुलगा, ज्याच्या वाट्याला लहानपणी बाप गाडीतून उरला तेवढाच आला होता.