पैसाचा खांब आणि ज्ञानेश्वर

पैस म्हणजे पैसा नव्हे. मला आधी तसंच वाटायचं. नेवाशाला प्रवरा नदीच्या काठी एक दगडी खांब आहे, त्याला पैसाचा खांब म्हणतात. मी आजीला विचारलं की त्याच्याखाली पैसे पुरलेत का. आजी लई हसली. पाहुणे आले की आपण त्यांना ऐसपैस बसा म्हणतो, त्यातलाच हा पैस. पैस म्हणजे मोकळी, मोठी जागा.

मग मला कोडं पडलं. खांब तर एवढासा, आणि नाव मोकळ्या जागेचं!

२०२३ साली चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं. त्याचा धडा सांगताना गुरुजींनी फळ्यावर तीन शब्द लिहिले होते. आकाश, अवकाश आणि अंतराळ. अवकाश म्हणजे ग्रह-तारे असतात ती जागा. पण पेरणीला अजून अवकाश आहे असं म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ वेळ होतो. देवळात सभामंडप आणि गाभारा यांच्या मधल्या जागेला अंतराळ म्हणतात. म्हणजे अंतराळ आपल्या गावच्या जुन्या देवळात पण असतं, रॉकेट लागत नाही. गुरुजींनी चौथा शब्द लिहिला नाही. तो मी लिहिते, पैस. आणि तो ज्यांच्यामुळं प्रसिद्ध झाला त्या ज्ञानेश्वरांची माहिती सांगते.

ज्ञानेश्वरांचा जन्म शके ११९७ मध्ये, म्हणजे इ. स. १२७५ साली झाला. गाव पैठणजवळचं आपेगाव, गोदावरीच्या काठी. वडिलांचं नाव विठ्ठलपंत आणि आईचं नाव रुक्मिणीबाई. निवृत्तिनाथ थोरले, मग ज्ञानेश्वर, मग सोपान आणि शेवटी मुक्ताबाई.

विठ्ठलपंत लग्न झाल्यावर काशीला जाऊन संन्यासी झाले होते. गुरूंना ते कळलं तेव्हा त्यांनी त्यांना परत घरी पाठवलं. ते आले, संसार करू लागले, मुलं झाली. पण संन्यासी परत संसारात आला म्हणून लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. वाळीत टाकणं म्हणजे त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, पंगतीला बोलवायचं नाही. गाव केवढं मोठं, पण त्यात या सहा जणांना जागा नव्हती. मुलांच्या मुंजी करायला पण कोणी तयार होईना. शेवटी ब्राह्मणांनी आईवडिलांना मरणाचं प्रायश्चित्त सांगितलं आणि त्या दोघांनी नदीत देह टाकला, असं सांगतात. मुलांचा काय दोष होता? मला हे लिहिताना वाईट वाटलं, म्हणून मी ही पाटी दोनदा पुसली.

चौघं भावंडं पैठणला गेली, शुद्धिपत्र मागायला. तिथं रेड्याच्या तोंडून वेद बोलवले ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी ती लिहीत नाही. पुढं ती नेवाशाला आली.

निवृत्तिनाथांना त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर गहिनीनाथ गुरू भेटले होते. वाघ आला म्हणून पळापळ झाली आणि ते चुकून गुहेत शिरले, असं सांगतात. त्यांनी मिळालेलं ज्ञान धाकट्या भावाला दिलं. म्हणजे ज्ञानेश्वरांचे गुरू त्यांचे सख्खे थोरले भाऊ. आमच्या घरी दादाचं मी एक पण ऐकत नाही.

नेवाशाला त्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. सच्चिदानंद बाबा लिहून घेत. तेव्हा देवगिरीला रामदेवराव यादव राजा होता. शके १२१२ म्हणजे १२९० साली ग्रंथ पूर्ण झाला. त्यात ९ हजार ओव्या आहेत. तेव्हा ज्ञानेश्वर फक्त पंधरा वर्षांचे होते. मुक्ताबाई अकराची, म्हणजे माझ्यापेक्षा एकच वर्षानं मोठी. गीता संस्कृतात होती, ती शिकलेल्या थोड्या लोकांनाच समजायची. ज्यांना गावानं जागा दिली नाही, त्यांनी सगळ्यांना समजेल असं सांगितलं.

ज्ञानेश्वरीत आकाशाचे दाखले पुष्कळ आहेत. गुरुजींनी मडक्याचा समजावून सांगितला. मडक्याच्या आत पोकळी असते, बाहेर पण असते. मडकं फुटलं तर आतली पोकळी कुठं जाते? कुठंच जात नाही, ती आधीपासून बाहेरच्या आकाशाचीच असते. मी घरी तांब्या उपडा करून बघितला. दुसरा दाखला सूर्याचा. सूर्य न चालता चाललेला दिसतो. पण ज्ञानेश्वर तिथं भूगोल शिकवत नव्हते. कामं करून पण त्यात न अडकणारा माणूस कसा असतो, ते सांगत होते.

चांगदेवांची गोष्ट मला सर्वांत आवडते. ते मोठे योगी होते. ज्ञानेश्वर वयानं लहान पण ज्ञानानं मोठे, मग पत्रात चिरंजीव लिहावं की तीर्थरूप, हे त्यांना कळेना. म्हणून त्यांनी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाली, एवढी वर्षं जगून चांगदेव कोरेच राहिले. ज्ञानेश्वरांनी मात्र त्या कोऱ्या जागेला ६५ ओव्यांचं उत्तर पाठवलं. तीच चांगदेव पासष्टी.

पुढं ज्ञानेश्वर नामदेवांबरोबर तीर्थयात्रेला गेले. नंतर शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला त्यांनी आळंदीला समाधी घेतली. वय एकवीस. सोपान, मुक्ताबाई आणि निवृत्तिनाथ पण थोड्याच दिवसांत गेले. पुढं पैठणच्या एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या ओव्या शुद्ध करून ठेवल्या. दुर्गा भागवत यांच्या एका पुस्तकाचं नावच पैस आहे, त्याला १९७१ साली साहित्य अकादमीचं बक्षीस मिळालं.

आमची सहल नेवाशाला गेली तेव्हा मी खांबाला हात लावला. गार लागला. त्याच्यावर जुना लेख कोरलेला आहे, तो देवाच्या दिव्याला तेल देण्याबद्दल आहे, असं गुरुजी म्हणाले. खांबाभोवती आता मोठं मंदिर आहे. आमचा अख्खा वर्ग सभामंडपात बसला, तरी जागा उरली. मग मागून आलेल्या दुसऱ्या शाळेच्या मुलांना आम्ही सरकून बसायला दिलं.

इयत्ता चौथी