पेशीचे दार ओळखणारे पॉल एर्लिख

रोज रात्री कोलेस्टेरॉलची गोळी घेणारे कोणी ना कोणी आता बहुतेक घरांत असते. स्टॅटिन वर्गातली ही गोळी यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याचे प्रमाण घटवते. ही तूट भरून काढण्यासाठी यकृताच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर ‘ग्राही’, म्हणजे रिसेप्टर, वाढवतात आणि रक्तातले कोलेस्टेरॉल आत ओढून घेतात. पेशीच्या अंगावर ठरावीक पदार्थच पकडणारे असे काही असले पाहिजे, ही कल्पना १८९७ मध्ये एका जर्मन डॉक्टरांनी मांडली. तेव्हा ते पाहण्याचे कोणतेही साधन नव्हते. ते डॉक्टर म्हणजे पॉल एर्लिख.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी श्ट्रेलेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. कार्ल वायगर्ट हे त्यांच्या आईच्या माहेरचे नातलग. कापडासाठी बनलेले कृत्रिम रंग वापरून ते शरीरातल्या ऊती रंगवत आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. एर्लिख यांना वैद्यकीच्या विद्यार्थिदशेतच या रंगांनी झपाटले. एखादा रंग पेशीच्या एका भागाला चिकटतो आणि शेजारच्या भागाला शिवतही नाही, असे का? हा प्रश्न त्यांना जन्मभर पुरला. याच रंगांच्या मदतीने त्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे केले. आजच्या रक्ततपासणीच्या अहवालात या पेशींची टक्केवारी असते, तिचे मूळ तिथे आहे.

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला, तेव्हा एर्लिख यांनी लगेच तो रंगवण्याची अधिक चांगली पद्धत शोधली. पुढे काही वर्षांनी त्यांना स्वतःलाच क्षय झाला. कोरड्या हवेसाठी ते पत्नी हेडविग यांच्यासह इजिप्तला गेले आणि बरे होऊन १८८९ मध्ये बर्लिनला परतले.

त्या काळी घटसर्पाने लहान मुले घशात पापुद्रा साचून गुदमरून मरत. एमिल फॉन बेहरिंग यांनी प्राण्यांच्या रक्तातून त्यावर उतारा देणारा रक्तद्रव शोधला होता, पण एका खेपेचा द्रव गुण देई, तर दुसऱ्या खेपेचा वाया जाई. त्याची ताकद मोजण्याची खात्रीची पद्धत आणि प्रमाण एकक एर्लिख यांनी ठरवून दिले. तेव्हा कुठे हा उपचार भरवशाचा झाला. १९०१ चे पहिले वैद्यकीय नोबेल मात्र एकट्या बेहरिंग यांना मिळाले. दोघांची मैत्री आधीच विस्कटली होती.

हे मोजमाप करतानाच एर्लिख यांना आपला सिद्धान्त सुचला. त्यांच्या मते पेशीच्या अंगावर पोषणद्रव्ये पकडण्यासाठी रासायनिक ‘हात’ असतात. विषाचा रेणू योगायोगाने एखाद्या हाताला कुलपाला किल्ली बसावी तसा जुळतो आणि तिथे चिकटतो. तो हात निकामी होतो. मग पेशी नवे हात बनवते, गरजेपेक्षा जास्तच बनवते, आणि जास्तीचे हात सुटून रक्तात येतात. तेच प्रतिपिंड. या हातांसाठी ‘रिसेप्टर’ हा शब्द १९०० मध्ये रूढ होऊ लागला.

बगलेत सिगारचा डबा घेऊन फिरणारे एर्लिख समोर दिसेल त्यावर, प्रसंगी जमिनीवरही, या हातांच्या आकृत्या काढून समजावत. टीकाकार विचारत, असंख्य विषांसाठी तयार हात पेशीवर आधीपासून कसे असतील? तरी १९०८ चे नोबेल त्यांना इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासोबत मिळाले.

विष ज्या नेमकेपणाने पेशीला चिकटते, त्याच नेमकेपणाने औषध जंतूला चिकटावे, हा त्यांचा पुढचा ध्यास. १९०९ मध्ये त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांनी आधी बाजूला पडलेले ६०६ क्रमांकाचे आर्सेनिकयुक्त संयुग उपदंश झालेल्या सशांवर तपासले. ससे बरे झाले. पुढच्याच वर्षी ‘साल्व्हरसान’ हे औषध आले. त्याचे दुष्परिणामही होते. एर्लिख यांच्यावर नफेखोरीचे आरोप झाले, प्रकरण न्यायालयात गेले. २० ऑगस्ट १९१५ रोजी, महायुद्ध पेटलेले असताना, वयाच्या ६१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे नाझी राजवटीने ते ज्यू होते म्हणून फ्रँकफुर्टमधल्या रस्त्यावरून त्यांचे नाव काढून टाकले. युद्धानंतर ते पुन्हा लागले.

त्यांचे सगळे बरोबर नव्हते. प्रतिपिंड कोणतीही पेशी बनवत नाही, ते काम बी-पेशींचे. पण बी-पेशीच्या अंगावर असलेला ग्राही आणि रक्तात सुटणारा प्रतिपिंड मुळात एकाच प्रथिनाची रूपे निघाली. दुसरी चूक अशी, की एकदा अडकलेला हात पेशीने गमावलाच, असे त्यांनी धरले होते.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील डॅलस येथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी ही दुसरी बाजू उलगडली. कोलेस्टेरॉलचा कण पकडला की ग्राही पेशीच्या पृष्ठभागावरच्या छोट्या खळग्यात जमतात. खळगा आत दुमडून पिशवी बनते. पिशवीतल्या आम्लामुळे पकड सुटते. माल पचनाला जातो आणि रिकामा ग्राही पुन्हा पृष्ठभागावर येतो. एका फेरीला सुमारे १० मिनिटे लागतात आणि साधारण २० तासांच्या आयुष्यात ग्राही अशा शंभराहून अधिक फेऱ्या करतो. जन्मजात दोषामुळे काहींना हा ग्राही नसतो, काहींचा ग्राही कोलेस्टेरॉल पकडतो, पण खळग्यात जमत नाही. दोष दोन्ही पालकांकडून आला, तर लहान वयातही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. या शोधाला १९८५ चे नोबेल मिळाले.

एर्लिख यांनी मोजलेले घटसर्पाचे विषही याच वाटेने आत शिरते. पेशीच्या वाढीसाठी असलेल्या एका प्रथिनाला ते चिकटते, पिशवीत बसून आत येते आणि तिथल्या आम्लाचा फायदा घेऊन पिशवीबाहेर निसटते. मग पेशीचे प्रथिने बनवणेच थांबते. हात पेशीच्या स्वतःच्या कामासाठी असतात आणि विष त्यांचा गैरफायदा घेते, हा त्यांचा अंदाज अचूक होता.

आज याच परतफेरीवर औषधे बेतली आहेत. पीसीएसके-९ नावाचे आपल्याच शरीरातले एक प्रथिन ग्राहीला परत येऊ न देता नष्ट होण्याकडे धाडते. त्याला अडवणारी इंजेक्शने २०१५ पासून वापरात आहेत. स्टॅटिन ग्राहींची संख्या वाढवते, तर ही इंजेक्शने त्यांना परत कामावर येऊ देतात. म्हणूनच गोळीने पुरेसा गुण न आलेल्या काही रुग्णांना डॉक्टर दोन्ही औषधे एकत्र देतात.