कैरानाचे करीम, मिरजेचे खाँसाहेब

किराणा म्हटले की बाकी महाराष्ट्राला दुकान आठवते, मिरजेला गाणे आठवते. हे नाव आले ते यमुनेच्या काठाजवळच्या कैराना गावावरून. उत्तरेतल्या त्या कसब्यात ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा जन्म झाला. घरात गवई आणि सारंगिये. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडून तालीम मिळाली आणि ऐन तारुण्यात हा मुलगा गाव सोडून बाहेर पडला. त्यानंतर आयुष्यभर तो फिरतच राहिला.

बडोद्याच्या दरबारात नोकरी लागली. एखाद्याने तिथेच जन्म काढला असता. पण सरदार घराण्यातल्या ताराबाई माने खाँसाहेबांकडे गाणे शिकत होत्या, दोघांचे मन जुळले आणि दोघांनी बडोदे सोडले. दरबाराचा आसरा असा संपला. पुढे मुंबई आणि मग मिरज. मिरजेत सांगतात की प्लेगच्या साथीत खाँसाहेब आजारी पडले, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन त्यांनी गाण्यातून दुआ मागितली आणि ते बरे झाले. ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावे. एवढे मात्र खरे की हा माणूस कुठेही गेला तरी परत मिरजेलाच येत राहिला.

त्यांचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. किडकिडीत अंग, वर वळवलेल्या झुपकेदार मिशा, उंच पागोटे, लांब कोट. आवाज मात्र या थाटाला न शोभणारा, बारीक आणि आर्जवी. सुरात एकदा शिरला की बाहेर येऊ नये असा.

सुरांचे हे वेड नुसते गळ्यापुरते नव्हते. मिरजेत एकेकाळी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून तंबोरे आणि सतार बनू लागल्या होत्या. पंढरपूरकडचे भोपळे आणून हे कारागीर वाद्य घडवत. खाँसाहेब त्यांच्यात रमत. वाद्य दुरुस्त करणे, जवारी काढणे ही कामे ते स्वतः करत. तंबोरा गवयाच्या मनासारखा बोलायचा तर गवयाने हात काळे करायलाच हवेत, असा त्यांचा रिवाज. शेजारच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचा हिशेब मांडत होते, इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स त्याच विषयाच्या मागे लागले होते. त्यांना सूर गाऊन दाखवायला खाँसाहेब बसले. घराण्याची विद्या झाकून ठेवायच्या त्या काळात उस्तादाने आपला गळा मोजमापासाठी पुढे करावा, ही गोष्ट लहान नव्हती.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शाळा. १९१३ च्या सुमारास पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू झाले. पुढे ते मुंबईलाही गेले. मुस्लिम उस्ताद, शाळेचे नाव आर्य, आणि शिकणारी मुले बहुतेक ब्राह्मणांची. गरीब घरच्या मुलांना राहणे, जेवण आणि तालीम फुकट. अट एवढीच की ठरलेली वर्षे पुरी करायची. खर्च भागायचा तो जलशांवर. खाँसाहेब मुलांना घेऊन गावोगाव जात, तिकीट लावून गात, शिष्यांनाही गायला बसवत आणि आलेल्या पैशांत शाळेचा भटारखाना चाले. ताराबाईंनी घर सांभाळले, आल्यागेल्याचे केले. आजच्या मोजपट्टीने पाहिले तर त्या शाळेच्या निम्म्या श्रेयावर ताराबाईंचे नाव हवे. ते कुणी फारसे घेत नाही.

दक्षिणेकडे त्यांचे पाय सारखे वळत. धारवाड, हुबळी, कुंदगोळ, म्हैसूर. कुंदगोळच्या रामभाऊंना त्यांनी शिष्य म्हणून घेतले ते आठ वर्षे शिकण्याच्या अटीवर. हेच रामभाऊ पुढे सवाई गंधर्व झाले. धारवाडात गंगूबाई हनगल लहान होत्या तेव्हा त्यांच्या आई अंबाबाईंचे कर्नाटकी गाणे ऐकायला खाँसाहेब घरी येऊन बसत. नावाजलेला उस्ताद, पण तिथे तो श्रोता होता. कर्नाटकी सरगम त्यांनी आपल्या ख्यालात घेतली, त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रित केली. मराठीही सोडली नाही. ‘मानापमान’मधले ‘चंद्रिका ही जणू’ त्यांच्या आवाजात तबकडीवर आहे. म्हैसूर दरबाराने त्यांना संगीतरत्न ही पदवी दिली. आणि ‘पिया बिन नहीं आवत चैन’ या ठुमरीच्या तबकडीने गदगच्या एका पोराला असे झपाटले की तो गाण्यासाठी घर सोडून पळाला. तो पोरगा म्हणजे भीमसेन जोशी.

इतक्या परक्या मुलांना जवळ करणाऱ्या या माणसाचे स्वतःचे घर मात्र टिकले नाही. १९२० च्या आगेमागे ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचे नाव टाकले. अब्दुल रहमानचे सुरेश झाले, चंपाकलीची हिरा, सकीनाची सरस्वती. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही नावे महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. तालीम मिळाली खाँसाहेबांचेच आप्त असलेल्या अब्दुल वहीद खाँ यांची. मराठी रंगभूमीवर आणि तिकिटाच्या जाहीर मैफिलीत हिराबाई गाऊ लागल्या तेव्हा लोकांना त्यांच्या सुरात वडील ऐकू येत. वडील मात्र मिरजेत दुसरा संसार करून राहत होते. दोष कुणाचा, हे शंभर वर्षांनी ठरवण्यात हशील नाही. पण फिरतीचा आणि भरल्या पंगतींचा हिशेब करताना ही ओळ गाळता येत नाही.

१९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासकडे होते. तिथून योगी अरविंदांच्या आश्रमासाठी पाँडिचेरीला निघाले. वय पासष्टीला टेकलेले. रेल्वेत छातीत दुखू लागले, तेव्हा सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनावर ते साथीदारांसह उतरले. रात्रीची वेळ. फलाटावर बिछाना घातला गेला. खाँसाहेबांनी नमाज अदा केली, तंबोरा मिळवायला सांगितला आणि दरबारी कानड्याच्या सुरात अल्लाहची आळवणी केली. मग आडवे झाले ते कायमचे. तारीख २७ ऑक्टोबर. रमजान जेमतेम आठ-दहा दिवसांवर आला होता.

मय्यत मिरजेला आणली आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन झाले. दर्ग्याच्या उरुसात तिथल्या चिंचेच्या झाडाखाली त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. किराणा घराण्याचे असोत वा दुसऱ्या, हिंदू असोत वा मुसलमान, गाणारे-वाजवणारे येतात, हजेरी लावतात. रात्र चढत जाते आणि कबरीजवळ तंबोरे मिळवले जात असतात.