फ्लोरिन मोकळा करणारे आंरी म्वासां

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड अधिक असते. त्याने दातांवर डाग पडतात. त्यातील फ्लोरिन प्रथम मोकळा केला तो आंरी म्वासां ह्या रसायनज्ञाने.

म्वासां ह्यांचा जन्म १८५२ साली पॅरिस येथे झाला. शिक्षण अपुरे टाकून ते एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करू लागले. फ्लोरिन काचेलाही खातो. त्याच्या शोधापायी लूये व निक्लेस हे संशोधक प्राणांस मुकले होते. म्वासां ह्यांनी प्लॅटिनमच्या नळीत, उणे ५० अंशांवर, निर्जल हायड्रोफ्लोरिक आम्लातून वीज सोडली आणि २६ जून १८८६ रोजी तो वायू मिळविला.

पुढे विज्ञान अकादमीचे परीक्षक आले आणि प्रयोग फसला! हा प्रसंग आम्हांस फार मोलाचा वाटतो. परीक्षकांसाठी त्यांनी आम्ल अतिशुद्ध केले होते, आणि अशा आम्लातून वीज वाहत नाही. थोडे पोटॅशियम फ्लोराइड घालताच वायू निघाला.

१९०६ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. १९०७ च्या फेब्रुवारीत ते निवर्तले. फ्लोरिनमध्ये कोळसा आपोआप पेटतो, हे त्यांनी पाहिले होते. १९९८ साली अमेरिकेतील राइस विद्यापीठात तोच वायू बेताने वापरून कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर फ्लोरिनचे अणू बसविण्यात आले. एरवी एकमेकींस चिकटून राहणाऱ्या त्या नळ्या मग अल्कोहोलात विरघळू लागल्या.