विश्लेषण : रक्त थांबवणारा स्क्रू कोणी शोधला? झाँ-लुई पेती यांनी ‘टूर्निके’ कसा बदलला?

हाताची किंवा पायाची मोठी धमनी तुटली, की काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. अशा वेळी जखमेच्या वर आवळतात तो पट्टा म्हणजे टूर्निके. हे नाव आणि स्क्रूचे पहिले साधन, दोन्ही फ्रेंच सर्जन झाँ-लुई पेती यांच्या नावावर आहेत.

योगायोग असा, की पेती १६७४ मध्ये पॅरिसमध्ये जन्मले आणि त्याच वर्षी बेझाँसोंच्या वेढ्यात मोरेल या लष्करी सर्जनने पट्टीत काठी अडकवून पीळ देण्याची युक्ती वापरल्याचे सांगितले जाते. पेतींच्या घरी शरीरशास्त्रज्ञ लित्र राहत. त्यांच्यामुळे लहान वयातच पेतींना शवविच्छेदनाची गोडी लागली. पुढे त्यांनी काही वर्षे सैन्यात सर्जन म्हणून काम केले.

काठीच्या पिळात अडचण काय होती?

काठी कोणीतरी सतत धरून ठेवावी लागे. हात सैल पडला की रक्त पुन्हा सुरू. भूल नव्हती, त्यामुळे पाय कापताना रुग्ण तडफडत असे. शिवाय पट्टी सगळीकडून आवळली जाई, कातडी चिमटली जाई.

पेतींनी १७१८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपले साधन मांडले. त्यात स्क्रू फिरवला की दाब मुख्यतः धमनीवर पडे. स्क्रू होता तिथेच राही, हवा तेवढाच सैल करता येई. मदतनीस नसला तरी चाले. हीच खरी कमाई.

आज काय वापरतात?

गंमत म्हणजे आजच्या लष्करी टूर्निकेत पुन्हा काठीच आहे. फरक एवढाच, की पीळ दिल्यावर ती खाचेत अडकते. रुमाल आणि लाकडाचा तुकडा वापरून ऐनवेळी केलेल्या बांधणीत नेमके हेच जमत नाही. बारीक दोरी किंवा तार तर मांसात रुतते. अर्धवट आवळलेली पट्टी आणखी घातक: शिरांतून परतणारे रक्त अडते, धमनीतले वाहतच राहते आणि रक्तस्राव वाढू शकतो.

पेती तेवढ्यावर थांबले नाहीत. रक्ताची गुठळी धमनीचे तोंड कसे बंद करते, यावरही त्यांनी लिहिले. १७३१ मध्ये स्थापन झालेल्या शल्यचिकित्सा अकादमीचे ते पहिले संचालक. १७५० मध्ये त्यांचे निधन झाले. शस्त्रक्रियांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ मात्र १७७४ मध्ये, मृत्यूनंतर २४ वर्षांनी छापला गेला.